पत्र्यावरची काळी पट्टी

सकाळी साडेदहाला माणसं कामात असतात, नाहीतर चहात असतात, नाहीतर कोणाच्या तरी चहाड्या करण्यात असतात. पट्टीबाई त्या वेळेला कुठल्यातरी छपरावर असायची. दर सोळा दिवसांनी, आभाळ स्वच्छ असेल तर, बावीस वर्षं. त्या वेळेला एक उपग्रह शहराच्या डोक्यावरून जायचा आणि डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांतून शहराची उष्णता टिपून न्यायचा. कुठल्या भागातून किती उष्णता बाहेर पडते, कुठला भाग भाजतोय, कुठला बरा आहे, सगळं. पण इतक्या उंचावरून टिपलेलं खरं की खोटं, हे खाली उभं राहून कोणीतरी ताडून बघायला नको? ते काम हिचं. हवामान कार्यालयाच्या जुन्या गाडीतून ती आणि ड्रायव्हर निघायचे. ठरलेली चौदा ठिकाणं होती. रस्ता, गच्ची, कौलं, मैदान, पत्रा, प्रत्येकाचं तापमान ती हातातल्या पिस्तुलासारख्या यंत्राने मोजायची आणि वहीत लिहायची.

पट्टीबाई हे नाव ऑफिसने ठेवलेलं, अर्थात पाठीमागे. मनगटात काळ्या चिकटपट्टीचं रीळ अडकवल्याशिवाय ती घराबाहेर पडत नसे, म्हणून. आता तापमान मोजायला चिकटपट्टी कशाला, असं तुम्ही विचाराल. तर चकचकीत पत्रा हा एक नंबरचा लबाड. तो त्या यंत्राला स्वतःची उष्णता दाखवतच नाही. आरशासारखा आभाळ दाखवतो, आणि आभाळ थंड. हात ठेवला तर तळव्याला फोड येईल असा पत्रा, पण यंत्र त्याच्यावर रोखलं की खुशाल बावीस, चोवीस दाखवतं. मग काय करायचं? बोटभर काळी पट्टी त्याच्यावर घट्ट चिकटवायची, पाच मिनिटं थांबायचं आणि यंत्र पट्टीवर धरायचं. पट्टी खोटं बोलत नाही. लगेच साठ, पासष्ट.

ही विद्या तिला जुन्या साहेबांनी शिकवली, पहिल्याच महिन्यात. ते निवृत्त होऊन गेले, पट्टी हिच्याकडे राहिली. वहीत ती दोन रकाने करायची. पहिल्यात उघड्या जागेचा आकडा, दुसऱ्यात पट्टीवरचा. रस्त्यावर, गच्चीवर दोन्ही आकडे सारखेच यायचे, फरक पडायचा तो फक्त चकचकीत पत्र्यावर. रकान्यांना मथळा तिने कधी दिला नाही. कशाला द्यायचा? लिहिणारी ती, वाचणारी ती. अशा एकतीस वह्या तिच्या कपाटात होत्या आणि बावीस वर्षांत त्यातली एकही कोणी मागितली नव्हती.

आणि मग भाची आली.

म्हणजे तशी ती आधीपासून होतीच. धाकट्या बहिणीची एकुलती एक मुलगी. कॉलेजची चार वर्षं तर ती पट्टीबाईच्याच घरी राहिली होती, कारण तिसऱ्या मजल्यावरच्या त्या दोन खोल्या कॉलेजपासून जवळ होत्या. खिडकीजवळचं टेबल पट्टीबाईने स्वतः रिकामं करून दिलं होतं. तापमापक कसा धरायचा, आकडा वाचताना डोळा कुठे ठेवायचा, हेही तिनेच शिकवलं. पोरगी हुशार. पुढे शिकायला बाहेर गेली, पदव्या घेऊन परत आली, आणि दोन वर्षांपूर्वी त्याच ऑफिसात नकाशा विभागाची प्रमुख म्हणून हजर झाली. पट्टीबाईची साहेब!

पहिल्या दिवशी पट्टीबाईने पेढ्यांऐवजी अख्ख्या ऑफिसला बिस्किटं वाटली. दुसऱ्या दिवसापासून तिच्या पोटात दुखायला लागलं.

कारणं विचाराल तर एक नाही, दहा. भाचीला काचेची खोली मिळाली, गार हवेची. हिचं टेबल जिन्याखाली, शेजारी तुटक्या खुर्च्यांचा ढीग. भाचीच्या पडद्यावर शहर लाल, पिवळं, निळं होऊन झगमगायचं आणि येणारेजाणारे थांबून "वा!" म्हणायचे. हिच्या वहीकडे बघून बावीस वर्षांत कोणी "हं" सुद्धा म्हटलं नव्हतं. "एकदा तरी छपरावर चढली असेल का?" ती ड्रायव्हरला म्हणायची. "खोलीत बसून नुसतं उंटावरून शेळ्या हाकायचं काम!"

"उपग्रहावरून म्हणा, बाई," ड्रायव्हर म्हणायचा. "उंट लईच खाली पडला."

"तुम्ही पुढे बघून गाडी चालवा."

पण सगळ्यात जास्त काय खुपायचं, तर ते "मावशी". भाची ऑफिसात तिला भर लोकांत "मावशी" म्हणून हाक मारायची. तिचं बघून सगळ्यांनीच सुरू केलं. नवे आलेले तर नातंबितं काही न बघता मावशी म्हणायचे, आणि त्यातल्या एकाने एकदा तिच्यासमोर रिकामा कप धरून म्हटलं, "मावशी, साखर कमी हं." अंगाचा तिळपापड झाला तिच्या! बावीस वर्षं उन्हात करपून शेवटी काय, तर चहावाली मावशी.

त्याच दिवशी तिने भाचीला जिन्यात गाठलं. "हे बघ, घरी काय म्हणायचं ते म्हण. ऑफिसात चार लोकांत मॅडम म्हणत जा."

भाची खळखळून हसली आणि तिच्या गळ्यातच पडली. "काहीतरीच तुझं! मावशीला मॅडम कसं म्हणू? जीभच वळायची नाही माझी."

तिचा हात खांद्यावर होता आणि पट्टीबाईला तो झटकून टाकावासा वाटत होता. पण झटकला नाही.

बरं, घरी तरी सुख असावं? तिथे धाकटी. धाकटीचा फोन आला की अर्धा तास लेकीचं कौतुक. "ताई, माझी लेक अशी, माझी लेक तशी." पट्टीबाईने एकोणिसाव्या वर्षी, या ऑफिसात यायच्या कितीतरी आधी, एका दुकानात नोकरी धरली, ती धाकटीचं शिक्षण व्हावं म्हणून. धाकटीने शिक्षण अर्धवट टाकलं, लग्न केलं, आणि आता शिवणकामाच्या कारखान्यात मशीनवर बसते. हे सगळं खरं, पण तिच्याकडे एक गोष्ट होती जी हिच्याकडे नव्हती. माझी लेक, असं म्हणायला माणूस होतं. पट्टीबाई फोन कानापासून लांब धरून "हो का, हो का" करत राहायची आणि फोन ठेवल्यावर एकटीच भांडी आदळायची.

अशातच वर्तमानपत्रवाले आले. शहराने म्हणे मोठी योजना काढली होती. सगळ्यात तापणाऱ्या पाच भागांतल्या छपरांना पांढरा लेप द्यायचा, कामाच्या जागी सावली आणि गार पाण्याची सोय करायची. लेप पाच भागांपुरताच होता, म्हणून कुठले पाच, ते भाचीच्या नकाशावरून ठरायचं होतं. फोटोवाल्याला भाची छपरावर हवी होती. तिला छपरावर नेलं, पट्टीबाईचं यंत्र तिच्या हातात दिलं, आणि फोटोवाला पट्टीबाईला म्हणाला, "मावशी, तुम्ही जरा बाजूला व्हा, सावली पडतेय."

गुरुवारी फोटो छापून आला. मथळा होता, "शहराचा ताप मोजणारी मुलगी". भाचीने यंत्र आभाळाकडे रोखलेलं, जणू ढगांनाच दरडावतेय. आणि फोटोच्या डाव्या कडेला एक कोपर. खाली मनगट, काळ्या रिळासकट. पट्टीबाईने चष्मा लावून खात्री करून घेतली. हो, तिचंच कोपर. बावीस वर्षांच्या नोकरीत वर्तमानपत्रात छापून आलेला तिचा तेवढाच भाग.

नेमक्या त्याच दुपारी भाची तिच्या टेबलाशी आली, हातात कागदांची चळत. पट्टीबाईच्या एकतीस वह्या तिने मागवून घेऊन संगणकावर उतरवल्या होत्या. कोणीतरी वह्या मागितल्या म्हणून पट्टीबाईला आठवडाभर बरं वाटत होतं. फोटोने ते सगळं पार धुऊन टाकलं होतं.

"मावशी, तुझे पहिल्या रकान्याचे आकडे उपग्रहाशी इतके जुळतात ना, मी थक्क झाले," भाची म्हणाली. "पण काही ठिकाणी दुसरा आकडा भलताच येतो. पहिला तेवीस आणि दुसरा चौसष्ट! पत्र्याच्या गोदामांकडे तर सगळीकडेच. यंत्र बिघडलं होतं का? मी ते दुसरे आकडे चूक समजून गाळले तर चालेल ना?"

आता बघा. एक वाक्य. एवढंच सांगायचं होतं की बाई गं, खरा आकडा तोच, पहिला आणि उपग्रह दोघेही आभाळाला फसलेत, म्हणून एकमेकांशी जुळतात. जुन्या साहेबांनी तिला सांगायला जेवढा वेळ घेतला होता, तेवढाही लागला नसता. वाक्य अगदी जिभेवर आलं होतं.

पण समोर टेबलावर वर्तमानपत्र उघडं पडलेलं आणि त्यात ते कोपर.

"तू साहेब," पट्टीबाई म्हणाली. "तुला योग्य वाटेल ते कर."

"तसं नाही गं, तुझं मत विचारतेय."

"माझं मत काय विचारतेस? मी काय पदव्या घेतल्यात? गाळ, खुशाल गाळ."

भाची "थँक्यू मावशी" म्हणून निघून गेली. पट्टीबाईने पेपराची घडी घातली, कपाटात ठेवली, आणि त्या संध्याकाळी तिला छान भूक लागली.

तीन आठवड्यांनी नकाशाचा कच्चा मसुदा जिन्याजवळच्या फळ्यावर लागला. बाजारपेठ लाल, बसस्थानक लाल, जुन्या चाळींचा भाग नारिंगी, आणि पत्र्याच्या गोदामांचा अख्खा भाग निळाशार. तळ्यापेक्षाही निळा! मागच्याच वर्षी त्या भागातली जुनी गंजकी छपरं काढून सगळीकडे नवे चकचकीत पत्रे बसवले होते. आधीच्या गंजक्या पत्र्यावर यंत्र बऱ्यापैकी खरं बोलायचं. नव्याने सगळा घोटाळा केला. पट्टीबाई फळ्यासमोर उभी राहून हसली, मोठ्याने, एकटीच. पलीकडून जाणाऱ्या कारकुनाने विचारलं, "काय झालं, मावशी?"

"काही नाही. गंमत."

तिचा बेत तिथेच शिजला. योजनेची बैठक तीन आठवड्यांवर होती. मोठे साहेब येणार, सगळे विभागप्रमुख येणार, भाची काठी घेऊन नकाशा समजावणार. आणि यादीवर सही व्हायच्या ऐन वेळी हिने उठायचं. एक पत्र्याचा तुकडा सभागृहाच्या खिडकीबाहेर कट्ट्यावर सकाळपासून उन्हात ठेवलेला असणार. त्यावर एक पट्टी. यंत्र उघड्या पत्र्यावर, मग पट्टीवर. बास. न बोलता सगळ्यांना कळेल की शहराचा ताप मोजणाऱ्या मुलीला हात लावून बघायचीही अक्कल नाही. शेवटी सही व्हायच्या आत चूक दुरुस्तच होणार ना, मग कोणाचं काय बिघडलं? मी काय कोणाचं घोडं मारलंय? असं ती स्वतःला रोज समजावायची. रोज समजवावं लागत होतं, यातच सगळं आलं.

बैठकीच्या आठ दिवस आधी उपग्रहाची पाळी होती. गोदामांच्या भागात ती शिडीवरून चढली, पट्टी चिकटवली, पाच मिनिटं थांबली. उघडा पत्रा चोवीस. पट्टीवर सदुसष्ट. बावीस वर्षांत एवढा आकडा तिने पाहिला नव्हता. बुटांच्या तळव्यातून झळ वर येत होती.

ते छप्पर धाकटीच्या कारखान्याचं होतं. हे तिला माहीत नव्हतं असं नाही. ठरलेल्या चौदापैकीच एक ठिकाण ते. ती नेहमी वरचं काम उरकून निघून जायची. आज खाली उतरल्यावर पाणी प्यायला म्हणून आत गेली.

आत चाळीस मशीनं आणि चाळीस बाया. पंखे होते, पण गरम हवाच इकडून तिकडे ढकलत होते. धाकटी तिसऱ्या रांगेत, मानेवर ओला टॉवेल, तोंड लालबुंद. ताईला बघून ती उठली, उठताना मशीन धरून एक क्षण तशीच थांबली.

"काय गं, चक्कर येते का?"

"छे, छे. वय झालं आता," धाकटी म्हणाली. "आम्ही मालकाकडे मोठे पंखे मागितले होते, दुपारची एक सुट्टी मागितली होती. त्याला कोणीतरी तुमच्या ऑफिसातल्या फळ्यावरच्या नकाशाचा फोटो पाठवलाय, तो त्याने मोबाइलवर दाखवला. म्हणाला, बघा, तुमचा भाग शहरात सगळ्यात थंड. शास्त्रज्ञांनी मोजलंय." आणि मग तिचा चेहरा फुलला. "मी म्हटलं, अहो, तो माझ्याच लेकीने केलाय! मग सगळ्या गप्प बसल्या बघ. माझ्या लेकीने केलंय म्हटल्यावर बरोबरच असणार. तेव्हा उकडतं ते आम्हालाच उकडतं, दुसरं काय."

पट्टीबाईने पाण्याचा ग्लास खाली ठेवला. सांगावं? इथेच, आत्ता? पण "माझ्या लेकीने" हे दोन शब्द धाकटीने असे काही म्हटले होते की हिच्या आत पुन्हा ती जुनी कळ उठली. ओल्या टॉवेलात, चक्कर येत असतानासुद्धा हिचं लेकीचं कौतुक काही सुटत नाही! आठ दिवसांचा तर प्रश्न, तिने मनात म्हटलं. "पाणी पीत जा," असं धाकटीला सांगून ती गाडीत बसली. त्या दिवशी ड्रायव्हरशी ती एक शब्द बोलली नाही आणि त्यानेही उंट काढला नाही.

बैठकीच्या दिवशी पट्टीबाई सगळ्यात आधी पोचली. पत्र्याचा तुकडा खिडकीबाहेरच्या कट्ट्यावर उन्हात ठेवला, पट्टी दाबून चिकटवली, यंत्र पिशवीत घेऊन तिसऱ्या रांगेत खिडकीला लागून बसली. लग्नाच्या मांडवात बसल्यासारखी ती अवघडून बसली होती.

मोठे साहेब आले, दिवे मंद झाले, भाची उभी राहिली. पडद्यावर पहिलं पान आलं. त्यावर नकाशा नव्हता. मधोमध, मोठ्या अक्षरांत, एकच नाव होतं. पट्टीबाईचं. पूर्ण नाव, आडनावासकट. खाली लिहिलं होतं, "जमिनीवरील मोजमाप, बावीस वर्षे".

"नकाशा दाखवायच्या आधी हे सांगायचंय," भाची म्हणाली. "उपग्रह वरून काहीही सांगेल. तो खरं सांगतोय, हे मला कशावरून कळलं? या एकतीस वह्यांवरून. यातल्या आकड्यांवर मी डोळे मिटून विश्वास ठेवलाय. पेपरात फोटो माझा आला, तो चुकून आला. यायला हवा होता हिचा. मावशी, उभी राहा ना."

टाळ्या वाजल्या. खरोखर वाजल्या. मोठे साहेब मागे वळून म्हणाले, "वा, बाई! बावीस वर्षं? आम्हाला पत्ताच नव्हता." पट्टीबाई उभी राहिली, बसली, पुन्हा उभी राहिली. तिचे कान गरम झाले होते. पडद्यावरच्या आपल्या नावाकडे तिला धड बघवतही नव्हतं आणि नजर काढवतही नव्हती.

आणि मग मन बघा कसं चोरटं. त्याने झटकन दुसरी बाजू घेतली. आता कशाला बोलायचं? तो नकाशा आता एकट्या भाचीचा राहिला नव्हता. पहिल्याच पानावर हिचं नाव होतं. नकाशा खोटा ठरला की त्याच्याबरोबर नावही खोटं. गप्प बसलं तर नाव राहतं. पुढच्या वर्षी हळूच दुरुस्त करता येईल, कोणाला कळणारही नाही. बावीस वर्षांनी मिळालंय. एकदा तरी मिळू दे की.

भाची नकाशा समजावत गेली. काठी लालवरून नारिंगीवर, नारिंगीवरून पिवळ्यावर. शेवटी कारकून उभा राहून यादी वाचू लागला. लेपासाठी निवडलेले पाच भाग. मग वगळलेले. "पत्र्याच्या गोदामांचा भाग. सर्वांत थंड. सावली, पाणी, लेप, कशाचीही आवश्यकता नाही." मोठ्या साहेबांनी खिशातून पेन काढलं.

पट्टीबाईला टॉवेल दिसला. धाकटीच्या मानेवरचा, कडेला शिवण उसवलेला. तो तिनेच दिला होता, कधीतरी.

"सही करू नका," ती म्हणाली.

सगळे वळले. तिने खिडकी उघडली आणि यंत्र बाहेरच्या पत्र्यावर धरलं. हा सगळा खेळ तिने किती वेळा मनात खेळला होता, दर वेळी दिमाखात. आता तो दिमाख कुठल्या कुठे गेला होता. "हा बघा, उघडा पत्रा. पंचवीस. आणि ही त्याच पत्र्यावरची पट्टी. एकसष्ट. हात लावून बघा कोणाला बघायचं असेल तर. उपग्रहाला पत्रा दिसत नाही, पत्र्यातलं आभाळ दिसतं. गोदामांचा भाग थंड नाही. शहरात सगळ्यात जास्त तोच तापतो. माझ्या दुसऱ्या रकान्यात सगळं लिहिलेलं आहे."

भाची पुढे आली. यंत्र तिने घेतलं, एकदा पत्र्यावर धरलं, एकदा पट्टीवर. तिला समजायला एवढंच पुरलं. ती हुशार होती, हे आधीच सांगितलंय. तिचा चेहरा पांढरा पडला.

"पण मावशी," ती म्हणाली, अगदी हळू, घरातल्या आवाजात. "मी तुला विचारलं होतं."

पट्टीबाईला पळवाटा दहा होत्या. तेव्हा लक्षात आलं नाही. ऐकूच आलं नाही. वय झालं.

"हो," ती म्हणाली. "विचारलं होतंस. मी मुद्दाम सांगितलं नाही."

"का?" हे मोठ्या साहेबांनी विचारलं.

"जळत होते," पट्टीबाई म्हणाली. "हिच्यावर. सहा आठवडे मला माहीत आहे. इथे सगळ्यांसमोर हिची फजिती करायची होती. तो पत्रा त्याच्यासाठीच आणला होता." मग पडद्याकडे बोट करून म्हणाली, "माझं नाव काढून टाका तिथून."

भाचीने कागद गोळा केले, साहेबांना म्हणाली, "मला नऊ दिवस द्या," आणि निघून गेली.

नऊ दिवसांत नकाशा नव्याने झाला. गोदामांचा भाग सगळ्यात लाल, यादीत पहिला. महिनाभरात पत्र्यांवर पांढरा लेप चढला, मोठे पंखे आले, दुपारची सुट्टी मिळाली. धाकटीचा फोन आला, अर्धा तास. "ताई, काय गार वाटतं गं! माझ्या लेकीनेच चूक शोधून काढली म्हणे." भाचीने तिला काही सांगितलेलं नव्हतं. पट्टीबाई फोन कानाला घट्ट लावून ऐकत राहिली. "हो," ती म्हणाली, "तिनेच शोधली." त्या संध्याकाळी भांडी आदळली नाहीत. नुसतीच पडून राहिली.

ऑफिसात कोणी तिला काढलं नाही, की ओरडलं नाही. अहवाल छापून आला तेव्हा तिने भीतभीत पहिलं पान उघडलं. नाव होतं. पूर्ण, आडनावासकट, जिथे होतं तिथेच. दुसऱ्या रकान्यावर आता मथळा होता, "पट्टीवरील तापमान", आणि खाली समजावून सांगणाऱ्या चार नेटक्या ओळी. जिन्याखालचं टेबलही हललं. तिला खिडकीजवळची छोटी खोली दिली, दारावर पाटी लावली. नवे आलेले आता कप घेऊन येत नव्हते. बावीस वर्षं मागत होती ते एकेक करत सगळं मिळालं.

खोलीत बसायला लागून चार दिवस झाले होते. उद्या उपग्रहाची पाळी. ती रीळ तपासत होती, तेवढ्यात दारावर टकटक झाली. भाची. दारातच उभी, हातात ठिकाणांची यादी. दोन वर्षांत ती कधी दार वाजवून आली नव्हती. थेट येऊन टेबलाच्या कडेवर बसायची, डब्यातलं काहीतरी उचलून तोंडात टाकायची.

"मॅडम," भाची म्हणाली, "तुम्ही उद्या किती वाजता निघणार?"

पट्टीबाईने मागे वळून पाहिलं. खोलीत दुसरं कोणी नव्हतं.